निवृत्त प्राध्यापकांची कारकीर्द लिहायची, तर आधी डेड स्टॉक रजिस्टर काढा

प्रश्न : एका विद्यापीठाच्या यांत्रिक अभियांत्रिकी विभागात मी सहायक प्राध्यापक आहे. विभागाच्या वर्धापनानिमित्त एक ग्रंथ निघणार आहे आणि त्यात निवृत्त प्राध्यापकांची कारकीर्द लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. एकूण १७ जण. त्यांपैकी ४ आता हयात नाहीत. एकांनी ‘माझ्याबद्दल काही छापू नका’ असं कळवलंय. एकांनी ४० पानी बायोडेटा पाठवलाय, दुसऱ्या एकांनी ४ ओळी. कंपन प्रयोगशाळा आपणच उभारली असं दोघांचं म्हणणं आहे आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. विभागप्रमुख म्हणतात, प्रत्येकी अर्धं पान आणि एक फोटो, विषय संपला. हातात ३ महिने आहेत. काम नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण सुरुवात कुठून करू?
— एक सहायक प्राध्यापक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आलेले बायोडेटे फाइलला लावून ठेवा आणि पहिले दोन आठवडे उघडू नका. बायोडेटा नोकरीसाठी, बढतीसाठी किंवा पुरस्काराच्या अर्जासाठी लिहिलेला असतो. त्यात पदं, समित्या आणि आकडे असतात. त्या माणसानं कोणता प्रश्न हाती घेतला, तो कोणत्या यंत्रावर सोडवला आणि पुढे कुणाच्या हाती दिला, हे ४० पानांतही सापडत नाही. यांत्रिकीच्या प्राध्यापकांचं एक बरं आहे, त्यांच्या कामाचा बराच भाग लोखंडात आणि ड्रॉइंगवर शिल्लक राहतो. तिथून सुरुवात केलीत, की भेटायला जाताना तुमच्या हातात विचारण्यासारखं काहीतरी असेल.

आधी प्रत्येकाचा एक पानी सेवापट करा. पूर्ण नाव आणि आद्याक्षरांचे सगळे प्रकार (अहवालात एक आणि शोधनिबंधात दुसराच, असं हमखास असतं), पदव्या, प्रबंधाचा विषय, रुजू झाल्याची तारीख, बढत्या, विभागप्रमुखपदाचा काळ, अभ्यासरजा, निवृत्ती आणि त्यानंतरचं एमेरिटस (निवृत्तीनंतरचं मानद) किंवा दुसरं पद. विद्यापीठात येण्याआधी कारखान्यात नोकरी केली असेल, तर तीही. बायोडेट्यात ही वर्षं एका ओळीत गुंडाळलेली असतात आणि पुष्कळदा महत्त्वाचं काम तिथेच झालेलं असतं. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीत शिकवणाऱ्या डेन हार्टोग यांचा कंपनशोषकावरचा ऑर्मंड्रॉइड यांच्याबरोबरचा निबंध १९२८ चा आहे, म्हणजे ते वेस्टिंगहाउस कंपनीत नोकरीला होते तेव्हाचा.

प्रत्येक तारखेपुढे ती कुठून मिळाली ते लिहा. विश्वासाची उतरंड अशी धरा: नेमणुकीचा किंवा बढतीचा आदेश, वार्षिक अहवाल, बायोडेटा, स्वतःची आठवण आणि सगळ्यांत शेवटी निरोप समारंभातली भाषणं. निरोपाच्या भाषणात प्रत्येकानंच विभागाचा पाया घातलेला असतो.

चुका कुठे होतात तेही आताच पाहून घ्या. अहवालातलं वर्ष शैक्षणिक असतं, त्यामुळे एकाच बढतीची दोन वर्षं सापडतात. दोन्ही बरोबर असू शकतात, आदेशाची तारीख घ्या. नियत वयोमानाची तारीख वेगळी आणि सत्र संपेपर्यंत शिकवत राहिले ती वेगळी. विभागप्रमुखांच्या यादीत प्रभारी आणि नियमित यांची सरमिसळ असते. एखादे सर तीनदा प्रभारी होते आणि एकदाही नियमित नव्हते, असंही निघतं. पदनामांत तर पुष्कळच फसायला होतं. ब्रिटिश पद्धतीच्या विद्यापीठांत लेक्चरर, सीनियर लेक्चरर, रीडर अशी चढण असायची आणि प्रोफेसर म्हणजे सबंध विभागात एखाददुसरे. अमेरिकी पद्धतीत असिस्टंट, असोसिएट आणि फुल हे तिघंही प्रोफेसरच. त्यामुळे जुन्या रीडरना ‘म्हणजे आजचे असोसिएट’ असं परस्पर करून टाकू नका. त्या वेळचं पदनाम आदेशात जसं आहे तसंच लिहा. विभागाच्या नावाचंही तेच. उत्पादन, ऑटोमोबाइल, मेकॅट्रॉनिक्स अशा शाखा बहुधा यांत्रिकीतूनच फुटून निघालेल्या असतात, आणि तुमच्या १७ जणांपैकी एखादे त्या फाटाफुटीनंतर पलीकडच्या विभागातून निवृत्त झालेले असतील. त्यांना ग्रंथात घ्यायचं की नाही, हे आताच ठरवून विभागप्रमुखांची सही घ्या.

आता डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागाच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. ते घेऊन सगळ्या प्रयोगशाळा फिरा आणि सोबत सगळ्यांत जुन्या लॅब असिस्टंटना किंवा वर्कशॉपच्या फोरमनना घ्या. त्यांना जे ठाऊक असतं ते कुठल्याही कागदावर नसतं: हे बेअरिंग हाउसिंग कुणी बदलायला लावलं, तो खड्डा कशासाठी खणला, ही मोटर दुसऱ्या रिगची (प्रयोगाच्या मांडणीची) आहे. प्रत्येक जुन्या यंत्राच्या नेमप्लेटचा फोटो घ्या (उत्पादक, अनुक्रमांक, वर्ष), रजिस्टरमधली नोंदीची तारीख आणि मागणीपत्रावरची सही पाहा. मग यंत्र कारखान्यातून आलं तसंच आहे की त्यात बदल झालेत, हे बघा. प्राध्यापकाचा हात त्या बदलांत दिसतो. विंड टनेल असेल तर टेस्ट सेक्शनचं मोजमाप, आकुंचन गुणोत्तर आणि पंख्याच्या मोटरची शक्ती. इंजिन टेस्ट बेड असेल तर डायनॅमोमीटर (इंजिनाची शक्ती मोजणारं यंत्र) पाण्याचा की एडी करंटचा, आणि कमाल टॉर्क व फेरे. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनची (नमुना ताणून-दाबून पाहणाऱ्या यंत्राची) क्षमता. कंपनासाठी शेकरचं (हादरे देणाऱ्या यंत्राचं) कमाल बल न्यूटनमध्ये आणि वारंवारतेचा पट्टा. एका यंत्राला दोन ओळी पुरेत.

एक गोष्ट मात्र रजिस्टरमध्ये सापडणार नाही, आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. विभागात स्वतः बनवलेल्या रिगची डेड स्टॉकला बहुधा नोंदच नसते. चॅनेल, पाइप, नटबोल्ट, पर्स्पेक्सचे पत्रे असा माल कन्झ्युमेबलच्या (वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या) खात्यावर घेतलेला असतो आणि रिग त्यातून उभी राहिलेली असते. म्हणजे नुसत्या डेड स्टॉकवर विसंबलात, तर ज्यांनी महागडी यंत्रं विकत घेतली ते मोठे दिसतील आणि ज्यांनी वर्कशॉपमध्ये उभं राहून रिग बांधली ते गायब होतील. अशा रिगा प्रबंधांत सापडतात. ग्रंथालयात विभागाचे सगळे पीएच.डी. आणि पदव्युत्तर प्रबंध काढा आणि प्रत्येकातली चारच ठिकाणं पाहा: मुखपृष्ठावरचं मार्गदर्शकाचं नाव आणि वर्ष, ऋणनिर्देश, प्रायोगिक मांडणीचं प्रकरण, आणि उपकरणांच्या कॅलिब्रेशनचं परिशिष्ट. ऋणनिर्देशात टर्नरचं, वेल्डरचं, लॅब असिस्टंटचं नाव असतं. ते टिपून घ्या. ग्रंथात त्यांची नावं आली, तर विभागाचं चित्र खरं होईल. पीएच.डी.च्या मार्गदर्शनाचा आकडाही इथूनच काढा. बायोडेट्यातल्या आकड्यात नोंदणी झालेले, अर्ध्यात सोडून गेलेले आणि सहमार्गदर्शनातले असे सगळे मिसळलेले असतात.

ड्रॉइंग सापडली, तर टायटल ब्लॉक (कोपऱ्यातली नावं-सह्यांची चौकट) नीट वाचा. ‘अप्रूव्ह्ड’ची सही बहुतेक वेळा त्या काळच्या विभागप्रमुखांची असते, कारण त्या जागी सही करणं हे पदाचंच काम असतं. रचना कुणाची ते ‘डिझाइन्ड’, ‘ड्रॉन’ आणि ‘चेक्ड’ या रकान्यांवरून आणि ड्रॉइंगला जोडलेल्या आकडेमोडीच्या अक्षरावरून कळतं. रिव्हिजनच्या तारखाही पाहा. तिसऱ्या रिव्हिजननंतर रचना मुळापासून बदललेली असली, तर श्रेय आधीच्या आणि नंतरच्या अशा दोघांचं.

तुमच्या कंपन प्रयोगशाळेचा वाद याच रीतीनं सुटेल. ‘प्रयोगशाळा कुणी उभारली’ हा एक प्रश्न नाही, निदान चार आहेत. खोली कुणाच्या मागणीवरून मिळाली? पहिलं मोठं उपकरण कुणाच्या मागणीपत्रावर आलं? पहिला प्रयोग किंवा प्रबंध कुणाच्या मार्गदर्शनाखाली झाला? अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक म्हणून ती टाइमटेबलवर कधी आणि कुणाच्या नावानं आली? या चारही गोष्टींची उत्तरं एकच माणूस असणं दुर्मीळ. एकांनी निधी आणि खोली मिळवलेली असते, दुसऱ्यांनी पाया काँक्रीटनं भरून त्यावर रिग बसवलेली असते, आणि दोघांनाही आपण ती ‘उभारली’ असं म्हणण्याचा हक्क असतो. दोघांच्याही नोंदीत हीच चार वाक्यं तारखांसह, शब्दशः सारखी छापा. दोघांना मसुदा एकाच दिवशी पाठवा. कुणालाही दुसऱ्याच्या मुलाखतीतलं वाक्य ऐकवू नका. ‘संस्थापक’ हा शब्द तर सबंध ग्रंथातच टाळा.

फिरताना दोन गोष्टींची काळजी घ्या. जुन्या मॅनोमीटरमध्ये पारा असू शकतो आणि बॉयलरच्या, वाफेच्या पाइपांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस. फोटोसाठी काही हलवायला, खरवडायला जाऊ नका. विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा. दुसरं, जे भंगारात काढण्याच्या यादीत आहे त्याचे फोटो सगळ्यांत आधी घ्या, आणि यादी थांबवता आली तर थांबवा. मँचेस्टरच्या विद्यापीठात ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांचं पाइपमधला प्रवाह अभ्यासण्याचं मूळ उपकरण अजून आहे. कॉर्नेल विद्यापीठानं १८८२ मध्ये घेतलेली जर्मन यंत्रशास्त्रज्ञ रूलो यांची यंत्रगतीची मॉडेलं आजही तिथं २०० च्या वर शिल्लक आहेत. तुमच्या विभागाच्या माळ्यावर असलं काही नसेलही, पण बघितल्याशिवाय कळणार नाही.

कागद कोणत्या क्रमानं स्कॅन करायचे, हे त्यांच्या महत्त्वावर ठरवू नका. ते किती लवकर नष्ट होतील यावर ठरवा. पहिल्यांदा थर्मल पेपर: फॅक्स, प्लॉटरच्या आणि रेकॉर्डरच्या पट्ट्या. त्या वर्षागणिक फिक्या होत जातात. अल्ट्राव्हायोलेट रेकॉर्डरच्या पट्ट्या याच्या उलट वागतात, उजेडात काळ्या पडतात; त्या मंद उजेडात उघडा आणि लगेच फोटो घ्या. अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगच्या अमोनियानं काढलेल्या प्रती) उजेडानं उडतात आणि परत येत नाहीत. जुन्या निळ्या ब्लूप्रिंट उजेडानं फिक्या होतात, पण अंधारात ठेवल्या तर रंग बऱ्याच अंशी परत येतो. या दोन्ही एकाच नळीत गुंडाळू नका. निगेटिव्ह किंवा मायक्रोफिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ती त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी करा. रेषाचित्रं आणि फोटो ६०० डीपीआयला, ३५ मिमीच्या स्लाइड ३,००० ते ४,००० डीपीआयला. मूळ प्रत टिफ स्वरूपात आणि वापरायला वेगळी लहान प्रत. फ्लॉपी मिळाल्या तर ड्राइव्हमध्ये घालण्याआधी लेखनबंद करा: साडेतीन इंचीवर खिडकी उघडी ठेवून, सव्वापाच इंचीवर खाच चिकटपट्टीनं झाकून. पंचकार्डांच्या वरच्या कडेला मजकूर छापलेला असेल, तर ती यंत्राशिवायही वाचता येतात.

जुन्या आकड्यांचं रूपांतर करताना घाई नको, कारण अशा ग्रंथांत सर्वांत हास्यास्पद चुका इथंच होतात. एसआय पद्धतीला हे नाव १९६० मध्ये मिळालं, पण प्रयोगशाळांत जुनी एककं त्यानंतरही बराच काळ चालू होती. मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅट आणि ब्रिटिश ७४५.७. एक किलोग्रॅमबल प्रतिचौरस सेंटिमीटर म्हणजे ९८.०७ किलोपास्कल, एक पौंड प्रतिचौरस इंच म्हणजे ६.८९५. ‘५० टनी’ टेस्टिंग मशीन मेट्रिक टनात ४९० किलोन्यूटनचं होतं आणि ब्रिटिश टनात ४९८ चं. नेमप्लेट पाहिल्याशिवाय कोणतं ते सांगता येत नाही. दाब गेजचा (हवेच्या दाबापासून मोजलेला) की निरपेक्ष (शून्यापासून), हेही विचारा. छापताना मूळ आकडा मूळ एककात आधी आणि एसआय कंसात.

मग भेटी. १७ मधून हयात नसलेले ४ आणि नकार दिलेले १ वजा गेले, उरले १२. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आठवड्याला दोन भेटी धरा. क्रम वयाचा आणि तब्येतीचा लावा, सोयीचा नको. एक बैठक ६० ते ७५ मिनिटांची. त्यापुढे थकवा येतो आणि उत्तरं लांबत जातात. शक्य असेल त्यांना प्रयोगशाळेतच आणा. यंत्रापाशी उभं राहिल्यावर हात आपोआप व्हॉल्व्हकडे जातो आणि आठवणी येतात. घरी गेलात, तर पंखा बंद करण्याची परवानगी मागा, कारण रेकॉर्डिंग बिघडवण्यात त्याचा पहिला नंबर असतो. दोन उपकरणांवर रेकॉर्ड करा, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. सोबत त्यांचंच एखादं जुनं ड्रॉइंग, विद्यार्थ्याच्या प्रबंधातला रिगचा फोटो, पहिलं टाइमटेबल न्या.

‘सर, आपली प्रमुख कामगिरी कोणती?’ असं विचारू नका. उत्तरात बायोडेटा परत ऐकायला मिळेल. नेमकं विचारा. ही रिग पहिल्यांदा चालवली तेव्हा काय बिघडलं? कोणत्या विषयाचा अभ्यासक्रम तुम्ही बदललात, काय काढलंत आणि त्या जागी काय आणलंत? कोणत्या कारखान्यातला प्रश्न वर्गात शिकवायला घेतलात? संगणकावर पहिली आकडेमोड कोणती केली, आणि तोवर ती कशी करत होतात? कोणतं काम अर्धवट राहिलं, ते कुणी पुढे नेलं? १७ जणांत कुणी प्राध्यापिका असतील, तर त्यांनाही हेच प्रश्न विचारा. ‘घर आणि नोकरी कशी सांभाळलीत’ हा प्रश्न सरांना विचारणार नसाल, तर त्यांनाही विचारू नका.

तासाभराच्या रेकॉर्डिंगचं शब्दशः टंकन करायला ४ ते ६ तास लागतात. १२ बैठका म्हणजे सुमारे १५ तासांचं रेकॉर्डिंग आणि ६० ते ९० तासांचं टंकन, तेही तुमचे वर्ग सांभाळून. ते जमणार नाही. दर ५ मिनिटांना विषयाची एक ओळ आणि वेळ अशी सूची करा; उद्धृत करायची वाक्यंच तेवढी पूर्ण उतरवा. टंकनाच्या सॉफ्टवेअरवर विसंबायचं, तर तांत्रिक शब्द आणि विशेषनामं कानानं ताडून घ्या, नेमकी तीच चुकतात. भेटीनंतर दोन दिवसांत मसुद्याचा पहिला खर्डा लिहाच. आठवडा गेला, की दोन सरांची उत्तरं डोक्यात एकमेकांत मिसळतात.

परवानग्या तीन वेगवेगळ्या घ्या आणि लेखी घ्या: रेकॉर्डिंगची, वाक्यं छापण्याची, फोटोची. कारखान्यांसाठी केलेल्या सल्ल्याच्या कामात गोपनीयतेचं बंधन असतं, विशेषतः यंत्र का मोडलं याच्या तपासात आणि न्यायालयात दिलेल्या तज्ज्ञ साक्षीत. तिथं फक्त क्षेत्र लिहा, ‘पंपाच्या शाफ्टच्या थकव्यामुळे झालेल्या मोडींचा तपास’ इतकंच; कंपनीचं नाव नको.

आता उघडा बायोडेटे. ४० पानांतली शोधनिबंधांची यादी घ्या आणि चार ढीग करा: नियतकालिकांतले, परिषदांतले, तांत्रिक अहवाल, आणि पुस्तकं. डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) सापडतो तो पहिला ढीग लवकर तपासून होतो. जुन्या परिषदांची इतिवृत्तं, कारखान्यांसाठीचे अहवाल, स्थानिक संस्थांची पत्रकं ऑनलाइन डेटाबेसमध्ये पुष्कळदा नसतातच. त्यामुळे तिथून काढलेला एच-इंडेक्स (निबंध आणि त्यांचे संदर्भ यांवरून काढलेला आकडा) किंवा संदर्भसंख्या छापू नका. तरुण सहकाऱ्याचा आकडा वरिष्ठांच्या तिप्पट दिसेल आणि त्याचा अर्थ एवढाच असेल, की एकाचं काम संगणकावर चढलंय आणि दुसऱ्याचं कपाटात आहे. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळखक्रमांक) २०१२ नंतरचे, आधी निवृत्त झालेल्यांकडे ते बहुधा नसतात. नावं आद्याक्षरांवरूनच जुळवावी लागतील, आणि एकाच आद्याक्षरांचे दोघं एकाच शाखेत असू शकतात. म्हणून प्रत्येक निबंधावरचा संस्थेचा पत्ता पाहा. एवढं झालं, की प्रत्येकाची तीन कामं निवडा. तीनच. आणि प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी लिहा: प्रश्न काय होता, तो कशावर सोडवला, नंतर कुणी वापरला.

कारकिर्दीतली वळणं समजायला त्या काळाची साधनं ठाऊक हवीत. ‘फायनाइट एलिमेंट’ (वस्तूचे लहान तुकडे कल्पून ताणाची आकडेमोड करण्याची रीत) हे नाव अभियंते क्लफ यांनी १९६० मध्ये वापरलं. त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षं ताणाचं चित्र पाहायचं, तर पारदर्शक मॉडेल कापून फोटोइलॅस्टिक बाकावर (जिथं ताण प्रकाशात पट्ट्यांसारखा दिसतो) ठेवावं लागे. लेसर डॉप्लर वेगमापन (प्रवाहाचा वेग लेसरनं मोजणं) १९६४ चं, खिशात मावणारं पहिलं वैज्ञानिक कॅल्क्युलेटर १९७२ चं. ज्या सरांच्या प्रबंधात पोलारिस्कोप (त्याच बाकावरचं उपकरण) आहे आणि दहा वर्षांनंतरच्या निबंधांत मॅट्रिक्स आहेत, त्यांनी विषय सोडलेला नाही. तोच प्रश्न नव्या हत्यारानं धरला आहे. उलटही असतं. एमआयटीचे ॲशर शपिरो दाबक्षम वायूंच्या प्रवाहासाठी ओळखले जात, आणि १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलं ते शरीरातल्या नळ्यांप्रमाणे लाटेनं द्रव पुढे ढकलण्याच्या क्रियेवर. असं वळण दिसलं, तर ‘का’ ते भेटीत विचाराच.

‘निवृत्तीनंतर’ हा रकाना रिकामा सोडू नका. बहुतेक ग्रंथांत कारकीर्द निरोपाच्या हारापाशी थांबते. स्टीफन टिमोशेंको १९४४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये एमेरिटस झाले, आणि पदार्थबळाच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. रेनॉल्ड्स यांचा पाइपमधल्या प्रवाहावरचा निबंध १८८३ चा, त्यांची निवृत्ती १९०५ ची, आणि त्या निबंधातल्या, प्रवाह शांत राहील की खळबळेल हे ठरवणाऱ्या अंकाला त्यांचं नाव भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी दिलं ते १९०८ मध्ये. तुमच्या १७ जणांतही कुणी मानकांच्या समितीवर असतील, कुणी पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती करत असतील, कुणी कारखान्यात आठवड्यातून दोन दिवस जात असतील, कुणी गणित शिकवत असतील, आणि कुणी यंत्रांकडे पुन्हा वळूनही पाहिलं नसेल. शेवटचंही लिहिण्यासारखंच आहे, त्यांची हरकत नसेल तर. भूमिका आणि काळ नोंदवा. मानधन विचारू नका.

जे ४ हयात नाहीत, त्यांच्यासाठी पीएच.डी.चे विद्यार्थी हा सर्वांत चांगला स्रोत, त्यानंतर कुटुंब. घरातून मूळ कागद आणायचे, तर दोन प्रतींत यादी करा, एक घरी ठेवा, आणि परत करण्याची तारीख तीवर लिहा. या चौघांचा मजकूर आधी पूर्ण करा. तो तपासायला कुणी मूळ माणूस नसतो, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो.

लिहिताना विशेषणं गाळा. ‘सरांनी उष्णता संक्रमणाच्या क्षेत्रात मोलाचं योगदान दिलं’ हे वाक्य १७ पैकी कुणालाही लागू पडतं. ‘उभ्या नळीत पाणी उकळताना भिंत कोणत्या उष्णताप्रवाहाला जळते, हे मोजण्यासाठी त्यांनी पितळी नळीऐवजी विजेनं तापणारी स्टेनलेस स्टीलची नळी बसवली, त्यावर पुढे पाच प्रबंध झाले’ हे एकाच माणसाचं वाक्य आहे. (उदाहरण नमुन्याचं, तुमच्या नोंदीतून तुमचं काढा.) पुरस्कार एका ओळीत. जन्म, गाव, शिक्षण पहिल्या वाक्यात नको. नोंदी रुजू झाल्याच्या तारखेनुसार लावा. वर्णक्रमानं लावल्या, तर विभाग कसा बदलत गेला ते दिसत नाही, आणि पदानुसार लावल्या, तर भांडणं होतात. सगळ्यांना सारखी जागा देण्याचा आग्रह धरू नका. साहित्य असेल तिथं ६०० ते ९०० शब्द, नसेल तिथं सेवापट आणि प्रबंधांची यादी.

नवव्या आणि दहाव्या आठवड्यात उरलेले मसुदे पूर्ण करा. तयार होतील तसे पाठवत जा आणि उत्तराला १५ दिवस द्या. पत्रात स्पष्ट लिहा की तारखा, नावं, आकडे दुरुस्त करावेत, मजकुराचा सूर विभागाचा राहील. काही जण आपल्याबद्दलचा मजकूर दुप्पट करून पाठवतील. त्यातल्या नव्या माहितीला कागद असेल तर ती घ्या, बाकीची नम्रपणे परत करा.

विभागप्रमुखांच्या अर्ध्या पानाशी भांडू नका. छापील ग्रंथात अर्धं पान द्या. सविस्तर नोंद, स्कॅन, रेकॉर्डिंगची सूची आणि परवानगीपत्रं ग्रंथालयाच्या संग्रहात दोन प्रतींत ठेवा, आणि अर्ध्या पानाखाली संग्रहाचा नोंदक्रमांक छापा. ही व्यवस्था पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून लेखी मंजूर करून घ्या. शेवटच्या आठवड्यात ती मागितलीत, तर ‘आता कशाला’ हे उत्तर ठरलेलं आहे.

ज्यांनी नकार दिलाय त्यांना एकदाच, हातानं लिहिलेलं पत्र पाठवा: वार्षिक अहवालात आधीच छापून आलेलं पद आणि काळ एवढीच एक ओळ विभागाच्या यादीत राहील, फोटो नसेल, मुलाखत मागितली जाणार नाही, आणि ती ओळही नको असेल तर कळवावं. उत्तर आलं नाही, तर पुन्हा फोन करू नका, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडून परस्पर माहिती गोळा करू नका. त्यांच्या मार्गदर्शनाखालचे प्रबंध मात्र ग्रंथालयात सार्वजनिक आहेत. विभागाच्या प्रबंधांच्या यादीत त्यांचं नाव मार्गदर्शक म्हणून येईल, हे त्याच पत्रात सांगून टाका.